उताराची वाटणी

खापर हे नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्याचे बाजारपेठेचे गाव. उत्तरेला सातपुड्याच्या रांगा, पश्चिमेला जवळच गुजरातची हद्द आणि गावाला लागून अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्ग. डोंगरातील वस्त्यांचा बाजारहाट येथेच होतो. शहादा-नंदुरबारकडील सपाटीच्या मानाने या पट्ट्यात पाऊस अधिक पडतो, आणि उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. चार महिने पाणी आणि चार महिने आग अशा दुहेरी माऱ्यात येथील प्रत्येक छपराची परीक्षा होत असते.

जुन्या खानदेशात धाब्याची घरे असत. लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर देऊन ते छत तयार होई, आणि दरवर्षी मृगाच्या आधी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा हात फिरवला जाई. डोंगराकडील घरे कौलारू असत. धाबे असो वा कौल, घर बांधणारा माणूस एक प्रश्न आधी सोडवीत असे : पाणी कोणत्या बाजूने जाणार? धाब्याला पन्हळ असे, कौलांना पागोळ्या असत. पन्हळ हा शब्दच मुळात संस्कृतातील प्रणालापासून आलेला आहे. मंदिराच्या गर्भगृहातून अभिषेकाचे जल बाहेर नेणारी दगडी नळी ती प्रणाल. आपल्या शिल्पकारांनी तिला मगरीचे मुख देऊन सजवले, पण त्याआधी तिची दिशा आणि तिचा उतार ठरवला. सिमेंटचा स्लॅब आल्यावर छत सपाट झाले, आणि सपाट दिसणाऱ्या छतालाही उतार लागतो याचा हळूहळू विसर पडला. खापरमधील एका जुन्या घराच्या गच्चीची ही हकिगत त्या विसराचीच आहे.

हे घर एका व्यापारी जैन कुटुंबाचे. १९७४ साली घराच्या कर्त्या पुरुषाने जुनी कौले उतरवून स्लॅब टाकला. खाली दुकान व कोठार, वर राहण्याच्या खोल्या आणि त्यांवर गच्ची. गच्ची पूर्व-पश्चिम चाळीस फूट आणि दक्षिणोत्तर तीस फूट, म्हणजे बारा ब्रास. स्लॅबवर चुन्यातील विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला होता. चुन्यात गुळाचे पाणी आणि बेलफळाचा काढा मिसळला होता. मजूर बाया ओळीने बसून लाकडी थाप्यांनी तो कोबा कित्येक दिवस ठोकत होत्या. त्यावर ठिपक्याठिपक्यांच्या मोझॅक फरश्या बसवल्या. उतार पूर्वेकडून पश्चिमेकडे, शंभर फुटांस एक फूट या मापाने दिला होता. चाळीस फुटांत हा उतार पाच इंचांच्या आसपास भरतो. गच्चीवर चालणाऱ्याला तो जाणवत नाही, पण पाण्याला नेमका कळतो. पश्चिमेच्या कठड्याखाली दोन निकास होते, आणि पावसाचे पाणी तेथून मागच्या गल्लीत उतरत असे.

त्या गच्चीवर घराचे अर्धे आयुष्य गेले. चैत्र-वैशाखात पापड, खिचे, मुगाच्या वड्या वाळत. चातुर्मासात हिरव्या पाल्याचा त्याग असतो. त्या दिवसांची बेगमी याच फरश्यांवर होत असे. दुकानातील धान्याला ऊन दाखवण्याची जागाही तीच. उन्हाळ्यात रात्री दोन्ही मुलगे, त्यांची आई आणि पाहुणे गच्चीवरच अंथरुणे टाकीत.

वडील गेले आणि १९९६ साली घराची वाटणी झाली. खापर तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा व्हायला अजून दोन वर्षे होती. पश्चिमेचा भाग थोरल्या भावाकडे आला, पूर्वेचा धाकट्याकडे. आई धाकट्याकडे राहिली. वाटणीपत्रात सर्व काही व्यवस्थित लिहिले होते : दुकानाचे गाळे, कोठार, जिना, विहिरीवरचा हक्क, देवघरातील चांदीची भांडी. गच्चीबद्दल एकच वाक्य होते. गच्ची मधोमध निम्मी-निम्मी, आणि मध्ये तीन फूट उंचीची भिंत.

भिंत बांधली गेली. ती उतारावर आडवी आली. दोन्ही निकास थोरल्याच्या बाजूला राहिले. धाकट्याने आपल्या हिश्श्यातील पूर्वेच्या कठड्याला भोक पाडून एक नळ बसवला. पण पूर्वेची बाजू मुळातच उंच होती. त्या नळापर्यंत पोचायचे तर पाण्याला अडीच इंच वर चढावे लागणार होते. पाणी वर चढत नाही. ते भिंतीच्या पायथ्याशी साचू लागले.

हे पाणी किती असावे, याचा हिशेब अगदी साधा आहे. धाकट्याच्या हिश्श्याचे क्षेत्र सहाशे चौरस फूट, म्हणजे सुमारे छप्पन्न चौरस मीटर. भिंतीपाशी पाण्याची खोली सहा सेंटिमीटर आणि पूर्वेच्या कठड्यापाशी शून्य. सरासरी तीन सेंटिमीटर धरले तर साठा होतो सोळाशे ते सतराशे लिटर. प्रत्येक मोठ्या पावसानंतर दीड टनाहून अधिक वजनाचे पाणी आईच्या खोलीवर उभे राहत असे आणि उन्हाने आटेपर्यंत तेथेच थांबत असे.

पहिली काही वर्षे काही झाले नाही. जुन्या चुन्याच्या कोब्याने बरेच सोसले. मग आईच्या खोलीत पंख्याच्या हुकाभोवती ओलसर वर्तुळ उमटले. फरश्यांच्या सांध्यांमध्ये पांढरे सिमेंट भरले गेले. एक पावसाळा बरा गेला. वर्तुळ पुन्हा आले, तेव्हा फरश्यांवर डांबराचा थर दिला. उन्हाळ्यात तो वितळून पायांना चिकटू लागला आणि तिसऱ्या वर्षी भेगाळला. त्यानंतर पूर्वेकडे उतार फिरवावा म्हणून फरश्यांवरच सिमेंटचा नवा कोबा ओतला. तो पुरेसा जाड करता आला नाही, कारण जिन्याच्या दाराचा उंबरठा आड येत होता. मग त्यावर रंगासारखे लावायचे रसायन आले. दर वेळी नवा ठेकेदार आधीच्याच्या कामाला नावे ठेवी, आणि दर वेळी एक थर वाढे. धाकट्या भावाला पावत्या जपून ठेवण्याची सवय होती. फाईल जाड होत गेली, पण वर्तुळ मिटले नाही. थकलेल्या कर्जाची बाकी नव्या कर्जाने फेडत राहावे, तसा हा प्रकार होता. खाते दरवर्षी नियमित दिसे आणि येणे दरवर्षी वाढत राही.

छताच्या गळतीत माणसाची हमखास फसगत होते ती येथे. डाग जेथे दिसतो तेथेच पाणी शिरले असे आपण समजतो. प्रत्यक्षात फरशीखाली शिरलेले पाणी कोब्यातून उताराच्या दिशेने सरकत जाते आणि स्लॅबमध्ये जेथे भेग, विजेची नळी किंवा हुक सापडेल तेथून खाली उतरते. शिरण्याची जागा आणि उतरण्याची जागा यांत दहा-पंधरा फुटांचे अंतर सहज असू शकते. या घरात तर पाणी दोन्हीकडे जात होते. भिंतीच्या विटांनी ओल शोषून ती पलीकडे पोचवली होती. थोरल्याच्या जिन्यातील गिलावा फुगून पडत होता. धाकट्याकडून पाणी येते, असे थोरला म्हणे. थोरल्याच्या भिंतीने पाणी अडते, असे धाकटा म्हणे. दोघेही खरे बोलत होते. मात्र एकमेकांशी बोलत नव्हते.

साचलेल्या पाण्याचा आणखी एक त्रास आईला होई. भिंतीच्या कडेला हिरवे शेवाळ धरे, त्यात डासांच्या अळ्या वळवळत. शेवाळ म्हणजे अनंतकाय. एका थेंबातील जीवांचाही विचार करायला शिकलेल्या घरात, नेमक्या चातुर्मासात, गच्चीवर पाय ठेवणे अशक्य व्हावे आणि खराट्याने पाणी लोटायचे म्हटले तरी हिंसा व्हावी, हे तिला फार लागे. पाणी साचू न देणे हीच येथली खरी जयणा, हे ती किती तरी वर्षे सांगत होती. गुडघ्यांमुळे तिचे गच्चीवर जाणे बंद झाले होते. पण डाग तिच्याच डोक्यावर होता आणि ती तो रोज पाहत होती.

२०२३ साली श्रावण अधिक होता; चातुर्मास पाच महिन्यांचा आला. ऑगस्ट देशभर जवळजवळ कोरडा गेला. या वर्षी तरी छत सुटले, असे धाकट्याला वाटू लागले होते. सप्टेंबरच्या मध्यावर, ऐन पर्युषणात, पाऊस कोसळला. नर्मदेला पूर आला, भरूच-अंकलेश्वरच्या सखल भागात पाणी शिरले. इकडे खापरमध्ये एका पहाटे आई प्रतिक्रमणासाठी उठून बाहेरच्या खोलीत येऊन बसली होती. मागे आवाज झाला. पंख्याच्या हुकाजवळचा स्लॅबचा पापुद्रा, हातभर लांबीचा आणि दीड इंच जाडीचा, तिच्या खाटेवर उशीच्या जागी पडला होता. वर गंजून फुगलेल्या सळ्या उघड्या पडल्या होत्या.

सळई गंजली की तिचे आकारमान वाढते आणि ती भोवतालचे काँक्रीट आतून फोडते. म्हणून गळती ही केवळ डागाची बाब नसते. अडतीस-चाळीस पावसाळे स्लॅब सुस्थितीत राहू शकतो, आणि ओल सळईपर्यंत पोचली की थोड्याच वर्षांत धोक्याचा होतो. आईची खाट त्याच दिवशी दुसऱ्या खोलीत हलवली गेली. तिने विरोध केला नाही. सत्याऐंशी वर्षांची ती बाई फक्त एवढेच म्हणाली, "या घरात आता माझ्यासाठी कोरडी जागा शोधावी लागते."

धाकट्याने एका वृद्ध मिस्तरीला बोलावले. मिस्तरीने छताकडे फारसे पाहिले नाही. तो गच्चीवर गेला, भिंतीपाशी उकिडवा बसला आणि साचलेल्या पाण्यात बोट बुडवून खोली पाहिली. मग पश्चिमेकडे हात करून आपल्या अहिराणीत म्हणाला, "पाणीले वाट द्या, शेठ. मंग ते तुमना घरमा कसाले येई?" भिंतीच्या बुडाशी तीन भोके ठेवा, म्हणजे पाणी वडिलांनी दाखवलेल्या जुन्या वाटेने निघून जाईल, असे त्याचे म्हणणे होते. काम अर्ध्या दिवसाचे होते. पण त्यासाठी पलीकडच्या माणसाला विचारावे लागणार होते.

विचारण्याऐवजी कायद्याचा आधार घ्यावा, असे एका परिचिताने सुचवले. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ च्या कलम १३ मध्ये नेमका हाच प्रसंग कल्पिलेला आहे. सामाईक मालमत्तेची वाटणी झाल्यावर एका हिस्सेदाराच्या भागाचा उपभोग घेण्यासाठी दुसऱ्याच्या भागावरून एखादी सोय आवश्यक असेल, तर ती सोय त्याला मिळण्याचा हक्क आहे. वाटणीच्या वेळी पाणी पश्चिमेकडे जातच होते. तेव्हा बाजू भक्कम होती.

धाकट्याने हे आईला वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकून घेतले. "कायदा तुझ्या बाजूने असेल," ती म्हणाली. "पण निकाल येईपर्यंत किती पावसाळे जातील ते मोज, आणि त्यांतले माझे किती ते मोज. तुझा भाऊ एक जिना चढून गेलं की भेटतो."

दरवर्षी संवत्सरीच्या दिवशी दोघे भाऊ स्थानकात समोरासमोर येत, हात जोडत आणि मिच्छा मि दुक्कडम् म्हणत. सत्तावीस वर्षे हे चालले होते. त्यात खोटेपणा नव्हता. पण वर्षभरातील कळत-नकळत झालेल्या सर्व अपराधांची क्षमा एका वाक्यात मागितली, की नेमका कोणता अपराध हे बोलावे लागत नाही, एवढी सोय त्यात होती. त्या वर्षी संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी, पारणे झाल्यावर, धाकटा भाऊ थोरल्याच्या जिन्याने वर गेला. वहिनीने दार उघडले आणि ती क्षणभर तशीच उभी राहिली. त्याने आत जाऊन सांगितले, "दादा, जरा गच्चीवर चला. पाणी बघायचं आहे."

थोरला भाऊ सहासष्ट वर्षांचा होता. तो काठी घेऊन वर आला. भिंतीच्या अलीकडे त्याची गच्ची कोरडी होती. पलीकडे वाकून पाहिले तर पाण्यात ढग दिसत होते. तो बराच वेळ पाहत राहिला.

"वडिलांनी उतार काढला तेव्हा पाण्याच्या नळीचं एक टोक माझ्या हातात होतं," तो म्हणाला. "सतरा वर्षांचा होतो. नळी हलली की ते ओरडायचे." मग थांबून म्हणाला, "भिंत बांधताना मिस्तरीने मला विचारलं होतं, खाली भोकं ठेवू का म्हणून. मी नको म्हटलं."

धाकट्याने मान हलवली. "मलाही विचारलं होतं. मी म्हटलं, मला त्यांच्या दारात पाणी टाकायचं नाही."

अढी दोघांनी मिळून घातली होती. त्याची किंमत तिसरीच व्यक्ती खालच्या खोलीत मोजत होती. त्या दिवशी भोके पाडायची ठरली, आणि त्याबरोबर हेही ठरले की गच्ची आता एक धरूनच दुरुस्त करायची, खर्च निम्मा-निम्मा. दुरुस्तीच्या बाबतीत तरी १९९६ ची वाटणी मोडीत निघाली.

नोव्हेंबरच्या अखेरीस अवकाळी पाऊस झाला, त्यामुळे काम डिसेंबरात सुरू झाले. असे काम हिवाळ्यात काढणे चांगले. उन्हाळ्यात सिमेंटमधील पाणी फार लवकर उडते आणि केसासारख्या बारीक चिरा पडतात. थंडीत कोबा शांतपणे मुरतो आणि त्याला पाणी मारणेही सोपे जाते.

पहिले काम वजन उतरवण्याचे. धाकट्याच्या बाजूला मूळ फरशीवर तीन इंचांचे थर चढले होते. तीन इंच कोब्याचे वजन चौरस मीटरला सुमारे एकशे चाळीस किलो भरते. वावर असलेल्या सपाट छतासाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात माणसे आणि सामान यांचा मिळून चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो भार धरतात. म्हणजे दुरुस्तीच्या नावाने चढवलेल्या थरांनीच छताची बहुतेक सर्व राखीव ताकद खाऊन टाकली होती. तो सगळा मलबा मिळून आठ टन होता. घणाऐवजी छिन्नी-हातोडीने, हळूहळू, तो काढला गेला. घणाचे हादरे जुन्या स्लॅबला सोसत नाहीत. थराखाली वडिलांनी बसवलेल्या मोझॅक फरश्या निघाल्या. त्यांतील धड असतील त्या धुऊन बाजूला रचल्या. पश्चिमेकडील चुन्याचा कोबा पन्नास वर्षांनंतरही टणक होता. थापीने ठोकला की खणखणीत वाजे. पूर्वेकडचा कोबा भिंतीलगत ओल्या भाकरीसारखा झाला होता, तो पूर्ण काढला.

खाली खोलीत उघड्या पडलेल्या सळ्या तारेच्या ब्रशाने घासून स्वच्छ केल्या, त्यांना गंजरोधक लेप दिला आणि पॉलिमर मिसळलेल्या गिलाव्याने छत भरून काढले. हे काम आधी एका अभियंत्याला दाखवून घेतले. सळ्यांची जाडी किती उरली आहे, हे मिस्तरीने नव्हे तर अभियंत्यानेच सांगायला हवे.

मग उतार. पारदर्शक नळीत पाणी भरून, दोरी ताणून, पूर्वेच्या कठड्यापासून पश्चिमेपर्यंत पातळीच्या खुणा घेतल्या. नळीचे एक टोक थोरल्याने धरले. भिंतीच्या बुडाशी सहा इंच रुंद आणि चार इंच उंच अशी तीन दारे काढली, आणि त्यांच्या आतल्या कडा गोलसर गुळगुळीत केल्या, म्हणजे पाला अडकू नये. कठडा आणि छत जेथे काटकोनात मिळतात तेथे सर्वत्र वाटा काढला. गळतीची सर्वांत लाडकी जागा हा कोपरा असतो. काटकोनी सांध्यात पाणी थांबते आणि चीर धरते. वाट्यामुळे ते घसरून खाली येते. जलरोधक थर वाट्यावरून कठड्यावर एक फूट उंच चढवला.

निकासांचाही हिशेब केला. जुने दोन नळ तीन इंची होते. चार इंची, म्हणजे शंभर मिलिमीटर व्यासाचा एक नळ, ताशी शंभर मिलिमीटर इतक्या जोरदार पावसात सुमारे चाळीस चौरस मीटर छताचे पाणी वाहून नेतो. बारा ब्रास म्हणजे एकशे अकरा चौरस मीटर. तेव्हा चार इंची तीन नळ हवेत. तेवढे बसवले. प्रत्येक नळाच्या तोंडाशी छत इंचभर खोलगट केले. सपाट जाळी कडुनिंबाच्या चार पानांनी बंद होते, म्हणून तोंडावर घुमटासारखी उभी जाळी बसवली. शिवाय पश्चिमेच्या कठड्याला फरशीपासून दोन इंच उंचीवर एक आडवा पन्हळ ठेवला. तीनही नळ तुंबलेच तर पाणी त्यातून बाहेर पडेल आणि गल्लीतल्या माणसालाही कळेल की वर काहीतरी अडले आहे.

फरश्या बसवण्यापूर्वी परीक्षा घेतली. नळ बंद करून, मातीचे बांध घालून दोन इंच पाणी बहात्तर तास साठवले. खाली दोन्ही भावांच्या घरांत छताला खडूने खुणा केल्या. तीन दिवस खुणा कोरड्या राहिल्या. ते पाणी फुकट गेले नाही. त्याच्यावरच पुढचे गिलाव्याचे काम मुरले. त्यानंतर धड निघालेल्या जुन्या मोझॅक फरश्या पूर्वीच्या जागी परत बसल्या, आणि फुटक्या फरश्यांची जागा पांढऱ्या तुकड्यांच्या चायना मोझॅकने भरली. पांढरा रंग ऊन परतवतो, खालच्या खोल्या थोड्या निवतात. कठड्यालगत अर्धा इंच फट ठेवून ती लवचीक द्रव्याने भरली. खानदेशच्या उन्हात फरशी प्रसरण पावते. तिला हलायला जागा ठेवली नाही तर ती जागा करून घेते.

पाणी बाहेर काढल्यावर ते कोठे जाणार, हा प्रश्न शेवटचा. अहमदाबादच्या पोळांतील जुन्या घरांत चौकाखाली टांके असे. गच्चीवरचे पावसाचे पाणी नळीने त्यात उतरे आणि गाळून वर्षभर पिण्यास वापरले जाई. खापरच्या या घरात टांके नव्हते, पण सामाईक विहीर होती. वर्षाचा पाऊस एक मीटर धरला तरी या गच्चीवर एक लाख दहा हजार लिटर पाणी पडते. पूर्वी ते गल्लीत चिखल करी. आता ते दगड, खडी आणि वाळू भरलेल्या शोषखड्ड्यातून विहिरीलगतच्या जमिनीत मुरते. त्याचा खर्चही निम्मा-निम्मा झाला. विहिरीवरचा हक्क मात्र वाटणीपत्रात आधीपासूनच दोघांचा होता.

२०२४ च्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, तो रात्री. सकाळी धाकट्याने गच्चीवर जाऊन पाहिले तेव्हा फरश्या ओल्या होत्या, पण कोठेही पाणी उभे नव्हते. भिंतीच्या तीन दारांपाशी थोडी पाने अडकली होती. तो ती काढायला वाकला, तेव्हा पलीकडून थोरल्याची काठी ऐकू आली. तोही पानेच काढायला आला होता. दर रविवारी जाळ्या साफ करायच्या, विषम तारखेला एकाने, सम तारखेला दुसऱ्याने, असे नंतर ठरले. गावाला जायचे असले की ते आता एकमेकांना सांगून जातात.

काम चालू असताना मिस्तरीने विचारले होते, भिंत पाडून टाकू का? दोघांनीही नाही म्हटले. भिंत अजून आहे. उन्हाळ्यात तिच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी वाळवणे पडतात. आईची खाट मात्र तिच्या खोलीत परत गेली आहे.

वाटणीपत्रे लिहिताना आपल्या घरांत सोन्याचा गुंज गुंज हिशेब होतो. जिना कोणाचा, दार कोणाचे, मीटर कोणाचा, हे सगळे लिहिले जाते. पाणी कोठून येते आणि कोठून जाते, हे क्वचितच लिहिले जाते. छताचा उतार, निकासाची जागा, नळांची सफाई कोण करील, दुरुस्तीचा खर्च कसा वाटायचा, ही चार वाक्ये वाटणीपत्रात असली तर पुढचे पुष्कळ पावसाळे सोपे जातात. ज्यांची पत्रे होऊन गेली आहेत त्यांनी मृगाच्या आधी एकदा गच्चीवर चार बादल्या पाणी ओतून पाहावे. पाणी कोठे थांबते, ते पाच मिनिटांत कळते. आणि ते थांबते ती जागा शेजारच्या हिश्श्याला लागून असेल, तर ठेकेदाराला बोलावण्याआधी शेजारच्या हिस्सेदाराला गच्चीवर बोलावावे. तो बहुधा जिनाभराच्या अंतरावर असतो.